शुक्राणूंविरुद्धच्या अँटीबॉडी: रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे नेमकं काय?

काचपट्टी

इथल्या वंध्यत्वाच्या धाग्यांवर एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "बाकी सगळं नॉर्मल आहे, फक्त रक्तात अँटीस्पर्म अँटीबॉडी पॉझिटिव्ह आल्यात. आता काय?" खाली येणारी उत्तरं वाचून मात्र जीव कासावीस होतो. कुणी म्हणतं, बायकोचं शरीर नवऱ्याचे शुक्राणू मारतंय. कुणी सहा महिने कंडोम वापरा म्हणतं. कुणी थेट स्टिरॉइडचा डोसच लिहून मोकळं होतं. आधीच खचलेल्या माणसाच्या हातात असं काही पडलं की त्या घरात काय होत असेल याची कल्पना करवत नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

मी वीर्यतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर नाही. काचेखाली जे दिसतं आणि त्यामागचं जे शास्त्र मला माहीत आहे ते लिहिते. उपचारांबद्दल इथल्या डॉक्टर मंडळींनी जरूर भर घालावी.

अँटीबॉडी म्हणजे परक्या गोष्टींना चिकटणारी, रोगप्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं. मुळात स्वतःच्याच शुक्राणूंविरुद्ध शरीर अँटीबॉडी का तयार करेल? आपलं कोण आणि परकं कोण याची ओळख रोगप्रतिकारशक्तीला फार लवकर होते, गर्भात असताना आणि जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात. शुक्राणू तयार होऊ लागतात वयात येताना. तोवर ही ओळखपरेड कधीच आटोपलेली असते, त्यामुळे शुक्राणूंवरची कितीतरी प्रथिनं शरीराने पाहिलेलीच नसतात. म्हणून वृषणात सर्टोली पेशी, म्हणजे शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशी, एकमेकींना घट्ट जोडून एक आडोसा तयार करतात. त्याच्या आतल्या बाजूला शुक्राणू वाढतात आणि रक्तातल्या पेशी बाहेर राहतात. पुढे अधिवृषणात (वृषणाला लागून असलेली, शुक्राणू जिथे पक्व होतात ती नळी) आणि शुक्रवाहिनीत हा आडोसा तितका भक्कम नसतो. तिथे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी वेगळी यंत्रणा काम करते.

हा आडोसा कुठे फुटला, किंवा वाट तुंबून शुक्राणू आजूबाजूच्या ऊतींमध्ये झिरपले, की अँटीबॉडी तयार होऊ शकतात. सर्वांत ठळक कारण नसबंदी. त्याशिवाय वृषणाला जबर मार लागणं, वृषणाला पीळ पडणं, अधिवृषणाचा जंतुसंसर्ग, वृषणावरची शस्त्रक्रिया, लहानपणी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये शुक्रवाहिनीला इजा होणं, जन्मतःच शुक्रवाहिनी नसणं. व्हेरिकोसीलचं (वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं) नावही घेतलं जातं, पण तिथे मतभेद आहेत. आणि बऱ्याच पुरुषांत काहीच कारण सापडत नाही.

स्त्रीच्या बाबतीत कोडं उलटं आहे. शुक्राणू तिच्यासाठी सरळसरळ परके, तेही दर वेळी कोट्यवधींच्या संख्येने. मग प्रत्येकच स्त्रीत अँटीबॉडी का तयार होत नाहीत? कारण वीर्यातच प्रतिकारशक्तीला शांत करणारे घटक असतात: प्रोस्टाग्लँडिन, टीजीएफ-बीटा वगैरे. बहुतेक स्त्रियांचं शरीर शुक्राणूंना सहन करतं. थोड्या स्त्रियांत तसं होत नाही.

हा विषय नवा नाही. शुक्राणू दुसऱ्या प्राण्याला टोचले तर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात हे लँडस्टायनर आणि मेचनिकॉफ यांनी १८९९ मध्येच दाखवलं होतं. हे तेच लँडस्टायनर, ज्यांनी नंतर रक्तगट शोधले. मूल न होणाऱ्या पुरुषांच्या रक्तात शुक्राणूंना एकत्र चिकटवणाऱ्या अँटीबॉडी असतात हे १९५४ मध्ये नेदरलँड्समध्ये र्‍युम्के आणि अमेरिकेत विल्सन यांनी स्वतंत्रपणे नोंदवलं. स्त्रियांबद्दल १९६४ मध्ये फ्रँकलिन आणि ड्यूक्स यांनी लिहिलं. कंडोमचा सल्लाही त्याच काळातला.

आता नुकसान कसं होतं ते. अँटीबॉडी शुक्राणूला चिकटली म्हणून तो मरतोच असं नाही. बहुतेक वेळा तो पोहत असतो. अडचण येते ती गर्भाशयमुखाच्या स्रावात. पाळीच्या मधल्या दिवसांत हा स्राव पातळ, तार येणारा होतो आणि शुक्राणू त्यातून वर जातात. शुक्राणूवर आयजीए जातीची (शरीराच्या स्रावांत असते ती) अँटीबॉडी बसलेली असेल, तर तिचं दुसरं टोक या स्रावाच्या जाळ्यात अडकतं. काचपट्टीवर वीर्य आणि स्राव शेजारी ठेवून पाहिलं की चिखलात रुतलेलं चाक फिरावं तसे शुक्राणू जागच्या जागी थरथरताना दिसतात. शेपटी जोरात चालू, पण इंचभरही प्रगती नाही. एकदा पाहिलं की विसरता येत नाही. नेदरलँड्सच्या क्रेमर यांनी याच थरथरीवर चाचणी बसवली होती.

दुसरा प्रकार गुठळ्यांचा. हलणारे शुक्राणू एकमेकांना चिकटतात: डोक्याला डोकं, शेपटीला शेपटी, कधी सगळं मिसळून. इथे एक बारकावा आहे. मेलेले शुक्राणू, पेशींचा कचरा, चिकट धागे यांचा गोळा झाला तर तो यात धरत नाही. जिवंत, हलणारे शुक्राणू एकमेकांना धरून बसले असतील तरच शंका घ्यायची, आणि तरीही ती शंकाच. गुठळ्या इतर कारणांनीही होतात.

तिसरं, अँटीबॉडी डोक्यावर बसली असेल तर शुक्राणूला स्त्रीबीजाच्या बाहेरच्या आवरणाला चिकटणं आणि त्यातून आत शिरणं जड जातं. शेपटीच्या अगदी टोकावर बसलेली असेल तर सहसा फरक पडत नाही. म्हणून "आहे की नाही" एवढंच विचारून भागत नाही. कुठे बसली आहे, कुठल्या जातीची आहे आणि शंभरातल्या किती शुक्राणूंवर आहे, हे तिन्ही विचारावं लागतं.

वंध्यत्वाच्या तपासणीला आलेल्या पुरुषांत साधारण ५ ते १० टक्क्यांमध्ये अशा अँटीबॉडी सापडतात. मुलं झालेल्या पुरुषांतही एक-दोन टक्क्यांमध्ये सापडतात. हा दुसरा आकडा नीट लक्षात ठेवा. अँटीबॉडी असूनही बाप झालेले पुरुष आहेत.

मला जे कळकळीने सांगायचं आहे ते हे: केवळ रक्ताच्या रिपोर्टवर "पॉझिटिव्ह" लिहिलंय म्हणून कुणीही स्वतःला किंवा जोडीदाराला दोष देऊ नये, आणि त्या एका कागदावर उपचार तर मुळीच सुरू करू नयेत.

निशिगंधा

काचपट्टीताई, धागा जणू माझ्यासाठीच काढलात. माझ्या रक्ताची तपासणी झाली, अँटीबॉडी पॉझिटिव्ह. यांची वीर्यतपासणी नॉर्मल. डॉक्टरांनी कंडोम वापरा सांगितलं, म्हणजे माझं शरीर "विसरेल" आणि अँटीबॉडी कमी होतील. तेव्हापासून माझ्या मनात एकच घोळतंय, की माझंच शरीर यांच्या शुक्राणूंना हाकलून देतंय. हे काही बोलत नाहीत, पण घरात विषय निघाला की दोघंही गप्प होतो. खरंच कंडोमने फरक पडतो का?

काचपट्टी

निशिगंधा, आधी तपासणीबद्दल सांगते. रक्तातल्या अँटीबॉडींची ही चाचणी बहुतेक वेळा एलायझा पद्धतीची असते. तीत शुक्राणू फोडून किंवा वाळवून ताटलीच्या तळाला बसवलेले असतात. त्यामुळे शुक्राणूच्या पोटातली, एरवी झाकलेली प्रथिनंही उघडी पडतात. तुमच्या रक्तातली एखादी अँटीबॉडी अशा आतल्या प्रथिनाला चिकटली तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. पोहणाऱ्या, धडधाकट शुक्राणूला तिचा काहीच त्रास नसतो, कारण ते प्रथिन त्याच्या अंगावर नसतंच.

शिवाय शुक्राणू रक्तातून जात नाहीत. रक्तात काय आहे यावरून गर्भाशयमुखाच्या स्रावात काय आहे हे ठरवता येत नाही. तिथली आयजीए बरीचशी तिथेच तयार होते. तेव्हा "माझं शरीर हाकलतंय" हा निष्कर्ष त्या कागदातून निघतच नाही. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. ती चाचणी तेवढं सांगूच शकत नाही.

कंडोमबद्दल डॉक्टरच लिहोत. मला एवढंच दिसतं की त्या काळात गर्भ राहण्याची संधी मात्र नक्की जाते.

दवबिंदू

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, वंध्यत्वाचेच रुग्ण पाहते. काचपट्टी यांनी फार स्वच्छ लिहिलंय.

कंडोमचा सल्ला १९६० च्या दशकात जन्मला आणि बरीच वर्षं दिला गेला. संपर्क थांबला की अँटीबॉडी उतरतील, ही कल्पना ऐकायला पटते. पण त्याने गर्भधारणा वाढते हे नीट केलेल्या चाचण्यांत सिद्ध झालं नाही. पस्तिशीच्या आसपासच्या स्त्रीचे सहा-आठ महिने असे खर्ची घालणं मला अजिबात मान्य नाही. निशिगंधा, तुमचं वय मी विचारत नाही, पण वेळ ही तुमच्याकडची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. डॉक्टरांना हा सल्ला कशाच्या आधारावर दिला हे स्पष्ट विचारा.

मार्गदर्शक सूचनांबद्दलही सांगते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या सूचनांमध्ये अँटीस्पर्म अँटीबॉडीची सरसकट तपासणी करू नका असं म्हटलंय, कारण त्यावर परिणामकारक उपचार असल्याचा पुरावा नाही. अमेरिकेतल्या युरॉलॉजी आणि प्रजननवैद्यक संघटनांनी २०२० मध्ये एकत्रित सूचना काढल्या. त्यातही पुरुषाच्या पहिल्या तपासणीत ही चाचणी नको असंच आहे. संबंधानंतर काही तासांनी गर्भाशयमुखाचा स्राव घेऊन शुक्राणू हलताहेत का ते पाहायची जुनी चाचणीही आता नियमित करत नाहीत.

उत्तररात्र

मग प्रश्न असा की चाचणी करायचीच नाही तर अँटीबॉडीमुळे मूल होत नाहीये हे कळणार कसं? "अनएक्सप्लेन्ड" (कारण सापडत नाही) असा शिक्का मारून सोडून देणं हे त्याहून वाईट नाही का? आमच्या बाबतीत तो शब्द ऐकून ऐकून कान किटलेत. कारण कळलं तर निदान मन शांत होतं.

काचपट्टी

@उत्तररात्र, तुमची तळमळ कळते. या मुद्द्यावर मी दवबिंदूंच्या पूर्ण बाजूची नाही. सरसकट नको हे मान्य, पण काही नमुने समोर आले की ही चाचणी करावी असं मला मनापासून वाटतं. जिवंत शुक्राणूंच्या ठळक गुठळ्या दिसल्या. संख्या चांगली, आकार ठीक, पण नमुन्यातली हालचाल विचित्रपणे कमी. पूर्वी नसबंदी उलटवलेली किंवा वृषणाला इजा झालेली. अशा वेळी थेट शुक्राणूंवरची चाचणी करावी, रक्तावरची नाही.

ही थेट चाचणी कशी असते ते सांगते, कारण रुग्णांना कुणी समजावत नाही. एमएआर चाचणीत वीर्याच्या थेंबात लेटेक्सचे बारीक मणी मिसळतात. मण्यांवर माणसाची आयजीजी (रक्तात मुख्यतः असणारी जात) अँटीबॉडी बसवलेली असते. मग एक तिसरा द्रव घालतात, जो दोन आयजीजींना एकमेकींशी जोडतो. शुक्राणूवर आयजीजी असेल तर मणी त्याला चिकटतात. काचेखाली शुक्राणू मणी ओढत चाललेले दिसतात, कधी डोक्यावर दोन-तीन, कधी शेपटीच्या मधल्या भागावर झुबका. अँटीबॉडी नसेल तर शुक्राणू मण्यांच्या मधून सुळकन निघून जातो. किमान २०० हलणारे शुक्राणू मोजायचे आणि त्यातल्या किती जणांना मणी चिकटले त्याचा टक्का काढायचा. आयजीएसाठी वेगळे मणी. मणी ताजे नसतील किंवा नमुना उशिरा पोचला तर मोजणीला अर्थ राहत नाही, आणि हलणारे शुक्राणूच नसतील तर ही चाचणी करताच येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या प्रयोगशाळा पुस्तिकेत ५० टक्के ही मर्यादा होती. २०२१ च्या आवृत्तीत ही चाचणी नेहमीच्या तपासणीतून काढून विस्तारित तपासणीत टाकली. मला ते योग्य वाटतं. ५५ टक्के आले म्हणून मी कुणाला घाबरवणार नाही. पण आयजीजी आणि आयजीए दोन्ही, बहुतेक सगळ्या शुक्राणूंवर, डोक्यावर, आणि जोडीला स्रावात थरथर असेल, तर ते चित्र मी गंभीर मानते.

रानवारा

अनुभव लिहितो. माझ्या रिपोर्टमध्ये गुठळ्यांचा शेरा होता, कुणी त्यावर बोललं नाही. वर्षभर मला जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी काही ऑपरेशन झालंय का? दोन्ही बाजूंचं हर्नियाचं झालं होतं, अगदी लहान असताना. आई सांगायची म्हणून माहीत, नाहीतर मला आठवतही नाही. मग थेट चाचणी केली, जवळपास सगळ्या शुक्राणूंवर आयजीजी आणि आयजीए. तेव्हा कळलं की इतके दिवस बायकोच्याच तपासण्या का चालल्या होत्या ते कुणालाच सांगता आलं नसतं. कृपया पुरुषांनी आपला जुना इतिहास डॉक्टरांना स्वतःहून सांगावा. वृषणाला चेंडू लागून सूज आली होती, गालगुंडात वृषण सुजलं होतं, काहीही असो, सांगून टाकावं.

आम्हाला इक्सी (शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडायची पद्धत) सुचवलंय. त्याआधी स्टिरॉइड घेऊन पाहावं का, हा प्रश्न आहे.

दवबिंदू

रानवारा, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, फार गरजेचं होतं.

स्टिरॉइडबद्दल. १९८० च्या दशकात प्रेडनिसोलोनसारख्या औषधांचे बरेच प्रयोग झाले. १९९० मध्ये ब्रिटनमधल्या हेंड्री आणि सहकाऱ्यांनी प्लासिबोशी (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी) तुलना करून फायदा दाखवला होता. त्याआधी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या हास आणि मँगॅनिएलो यांच्या चाचणीत अँटीबॉडी थोड्या उतरल्या, पण गर्भधारणेत ठोस फरक दिसला नाही. नंतरच्या चाचण्यांतही चित्र विस्कळीतच राहिलं. दुष्परिणामांबद्दल मात्र फारसा वाद नाही: रक्तदाब, साखर, पित्ताचा त्रास, चिडचिड, झोप उडणं. सर्वांत भयंकर म्हणजे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड झिजणं. हे क्वचित होतं, पण तरण्या माणसाचा खुबा बदलायची वेळ येऊ शकते. अनिश्चित फायद्यासाठी हा धोका मी माझ्या रुग्णाला घ्यायला सांगत नाही.

आययूआयमध्ये शुक्राणू धुऊन थेट गर्भाशयात सोडतात, म्हणजे गर्भाशयमुखाचा अडसर टळतो. अँटीबॉडी सौम्य असतील आणि बाकी सगळं ठीक असेल तर काही वेळा करून पाहायला हरकत नसते. पण धुतल्याने अँटीबॉडी निघून जातात असा गैरसमज नको. त्या घट्ट बसलेल्या असतात. डोक्यावरच्या अँटीबॉडीचं काय करणार?

तिथे इक्सी. एकेक शुक्राणू बारीक सुईने स्त्रीबीजात सोडतात, त्यामुळे स्राव, आवरण, चिकटणं हे सगळे टप्पे वगळले जातात. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने झालेल्या पहिल्या गर्भधारणा प्रसिद्ध केल्या. अँटीबॉडींचा इक्सीच्या निकालांवर परिणाम होत नाही हे २०११ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. त्याच विश्लेषणात आयव्हीएफमध्येही, म्हणजे शुक्राणू आणि स्त्रीबीज काचपात्रात एकत्र ठेवतात त्या पद्धतीतही, गर्भधारणेच्या दरात फरक दिसला नाही. तरी तुमच्यासारख्या जवळपास शंभर टक्क्यांच्या केसमध्ये फलनच न होण्याची भीती असते, म्हणून बहुतेक जण इक्सीच निवडतात. इक्सी करायचंच ठरलं असेल तर त्याआधी स्टिरॉइड घेण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

रानवारा

खूप आभार. निर्णय सोपा झाला. बायकोलाही हा प्रतिसाद वाचायला दिला.

वाटसरू२

माझी केस वेगळी. पहिल्या लग्नातून दोन मुलं, मग नसबंदी. आता दुसरं लग्न, नसबंदी उलटवायचा विचार आहे. एका ठिकाणी सांगितलं की आधी रक्तातल्या अँटीबॉडी तपासा, पॉझिटिव्ह आल्या तर ऑपरेशन करून उपयोग नाही. खरं आहे का?

काचपट्टी

नसबंदीनंतर निम्म्याहून जास्त पुरुषांच्या रक्तात अँटीबॉडी सापडतात. शुक्राणू तयार होतच राहतात, पुढे वाट बंद, त्यामुळे ते झिरपतात, शरीर त्यांची विल्हेवाट लावतं आणि त्यात प्रतिकारशक्ती जागी होते. म्हणजे तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येण्याची शक्यता मुळातच मोठी. आणि नसबंदी उलटवल्यावर मूल झालेल्या कितीतरी पुरुषांच्या रक्तातही अँटीबॉडी असतातच. एवढ्या जणांत सापडणाऱ्या गोष्टीवरून ऑपरेशन करावं की नाही हे कसं ठरवणार?

दवबिंदू

सहमत. तुमच्या बाबतीत दोन प्रश्न जास्त महत्त्वाचे: नसबंदीला किती वर्षं झाली आणि पत्नीचं वय काय. अंतर जितकं जास्त तितकं यश कमी होत जातं. ऑपरेशननंतर वाट मोकळी झाली, शुक्राणू दिसले, पण गुठळ्या आहेत आणि मूल राहत नाही, असं झालं तर मग थेट चाचणी करता येईल.

आणखी एक भीती लोक विचारतात म्हणून लिहिते. १९७० च्या दशकाच्या शेवटी माकडांवरच्या अभ्यासात नसबंदीनंतर रक्तवाहिन्या कठीण होण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं आणि बोट अँटीबॉडींकडे दाखवलं गेलं. माणसांवरच्या मोठ्या अभ्यासांत हृदयविकाराशी असा संबंध सापडला नाही. तेव्हा या अँटीबॉडी अंगात आहेत म्हणून इतर आजारांची धास्ती घेऊ नका.

सहजच

थोडा बाजूचा प्रश्न. संबंधानंतर खाज, जळजळ, अंगावर गांधी उठणं हे याच अँटीबॉडींमुळे का? मैत्रिणीला होतं आणि ती घाबरून मूल होणारच नाही असं धरून बसली आहे.

दवबिंदू

नाही, ते वेगळं. ती वीर्यातल्या द्रवाची अ‍ॅलर्जी असू शकते. त्यात आयजीई जातीची अँटीबॉडी असते आणि ती वीर्यद्रवातल्या प्रथिनांविरुद्ध असते, शुक्राणूंविरुद्ध नाही. कंडोम वापरल्यावर त्रास पूर्ण थांबतो का, हा पहिला प्रश्न. तिला मूल होऊ शकतं, गरज पडली तर धुतलेल्या शुक्राणूंनी आययूआय करता येतं. पण जंतुसंसर्गानेही जळजळ होते, तेव्हा आधी तपासून घ्या. श्वास लागणं, चेहरा सुजणं असं कधी झालं असेल तर तातडीने डॉक्टर गाठायचा.

मुक्तछंद

मी संशोधनाच्या बाजूची. या विषयातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते ती सांगते.

१९८७ मध्ये जपानमधल्या इसोजिमा आणि सहकाऱ्यांनी मूल न होणाऱ्या एका स्त्रीच्या पेशींपासून शुक्राणूंना निश्चल करणारी अँटीबॉडी मिळवली. ती शुक्राणूवरच्या सीडी५२जी नावाच्या घटकाला चिकटते. हा घटक शुक्राणूवर चढतो तो वृषणात नव्हे, तर पुढे अधिवृषणातून जाताना. शुक्राणूंच्या अंगावर तो मुबलक असतो, म्हणून ती अँटीबॉडी इतकी जोरकस ठरते: शुक्राणू गुठळ्या करून जागीच थांबतात. पुढे अमेरिकेत बॉस्टन विद्यापीठात डेबोरा अँडरसन यांच्या गटाने तीच अँटीबॉडी नव्याने घडवली आणि वनस्पतीत तयार करून तिची योनीत ठेवायची विरघळणारी पट्टी बनवली. २०२३ मध्ये तिच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष आले. मोजक्याच जोडप्यांवर, पण पट्टी वापरल्यावर गर्भाशयमुखाच्या स्रावात पुढे सरकणारे शुक्राणू जवळजवळ शून्यावर आले.

म्हणजे अँटीबॉडी खरोखर मूल होणं रोखू शकते याचा हा ठोस पुरावा. त्यासाठी ती योग्य घटकाविरुद्ध, योग्य ठिकाणी आणि भरपूर प्रमाणात असावी लागते. रक्तात कुठेतरी सापडलेली कुठलीतरी अँटीबॉडी हे काम करत नाही. १९८८ मध्ये गिनीपिगांना पीएच-२० या शुक्राणूवरच्या प्रथिनाची लस दिली तेव्हा नर-मादी दोघांतही पूर्ण गर्भनिरोध झाला होता. पण माणसासाठी शुक्राणूविरोधी लस अजून बाजारात आलेली नाही.

उत्तररात्र

मुक्तछंद यांचा प्रतिसाद वाचून माझा आधीचा प्रश्न सुटला. "आहे" एवढ्याने काही ठरत नाही, "कशाविरुद्ध, कुठे, किती" हे महत्त्वाचं. ज्यांच्या वीर्यात शुक्राणूच नाहीत त्यांना या चाचणीचा काही उपयोग असतो का? भावाची केस आहे.

काचपट्टी

थोडा असतो. आणि इथे मात्र रक्ताची चाचणी अर्थपूर्ण ठरू शकते. वीर्यात शुक्राणू शून्य, पण रक्तात अँटीबॉडी ठळक, असं असेल तर वृषणात शुक्राणू तयार होत आहेत आणि वाट कुठेतरी बंद आहे असा अंदाज बांधता येतो. शुक्राणूच तयार होत नसतील तर शरीर अँटीबॉडी कशाविरुद्ध करणार? अर्थात हा फक्त आधाराचा पुरावा. हार्मोन्स, वृषणाचा आकार, सोनोग्राफी हे सगळं पाहूनच युरॉलॉजिस्ट ठरवतील.

निशिगंधा

सगळे प्रतिसाद आम्ही दोघांनी शेजारी बसून वाचले. डॉक्टर बदललेत. नवीन डॉक्टरांनी माझा रक्ताचा रिपोर्ट बाजूला ठेवला आणि यांच्या आधीच्या रिपोर्टमध्ये गुठळ्यांचा रकाना कोराच सोडलाय हे दाखवलं. आता पुन्हा वीर्यतपासणी आहे, गुठळ्या दिसल्या तरच पुढची चाचणी. काचपट्टीताई, नमुना देताना आणि रिपोर्ट घेताना काय पाहायचं?

काचपट्टी

संबंधांपासून किंवा वीर्यस्खलनापासून किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवसांचं अंतर ठेवा. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून आणायचा असेल तर खिशात, अंगाच्या उबेला ठेवून, तासाभराच्या आत पोचवा. साधा कंडोम वापरू नका, त्यातल्या रसायनांनी शुक्राणू मरतात. थोडा भाग सांडला असेल तर न संकोचता सांगा, विशेषतः सुरुवातीचा, कारण शुक्राणू सर्वांत जास्त त्यातच असतात. महिन्या-दोन महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा.

रिपोर्टवर हालचालीचे टक्के आणि गुठळ्यांची श्रेणी लिहिलेली हवी. एमएआर झाली तर आयजीजी आणि आयजीए यांचे टक्के वेगवेगळे, आणि मणी डोक्यावर चिकटलेत की शेपटीवर, ते नमूद करायला सांगा. नुसतं "पॉझिटिव्ह" लिहून दिलं तर तो कागद परत करून आकडे मागा. तो तुमचा हक्क आहे. आणि रिपोर्ट आल्यावर इथे टाका, नाव-गाव झाकून. दवबिंदू आणि मी दोघी पाहू.